दोन इमारती, दोन नोंदी : खरी कोणती?



गेल्या वर्षीच्या जुलैतली एक गोष्ट आपल्यापैकी काहींनी अर्धवट ऐकली आहे. ती आधी पूर्ण सांगते. सहावीतल्या एका मुलीच्या आईचा मोबाइल नंबर बदलला. सोमवारी त्या नव्या इमारतीच्या कार्यालयात आल्या, नवा नंबर दिला आणि तिथल्या लिपिकाने तो मुलीच्या नोंदीत भरला. त्याच दिवशी जुन्या इमारतीत त्याच मुलीचा बसमार्ग बदलण्याचा अर्ज आला. तिथल्या लिपिकाने तिची नोंद उघडली, बसमार्ग बदलला आणि नोंद सेव्ह केली. शनिवारच्या पावसापासून दोन्ही इमारतींमधली इंटरनेट लाइन बंद होती. बुधवारी ती सुरू झाली. दोन्ही संगणकांनी आपापल्या नोंदी ताडून पाहिल्या आणि जी शेवटी सेव्ह झाली होती ती ठेवली. दुसरी पुसली. कोणाला विचारले नाही, कोणाला कळवलेही नाही.

मुलीच्या नोंदीत बसमार्ग नवा राहिला आणि आईचा नंबर जुना.

पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत मुलीला उलट्या सुरू झाल्या, अंगात ताप चढला. कार्यालयाने फोन लावला तर तो भलत्याच माणसाने उचलला. आईपर्यंत निरोप पोहोचायला दोन तास लागले, तोही त्यांच्या शेजारच्या एका विद्यार्थ्याला घरी पाठवल्यावर. तोवर वर्गशिक्षिका मुलीला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या होत्या. मुलगी दोन दिवसांत ठणठणीत झाली. पण आई मला म्हणाल्या, "मॅडम, मी स्वतः येऊन नंबर लिहून दिला होता ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

दोन्ही लिपिकांचे काम मी तपासले. कोणाचीही चूक नव्हती. चूक नियमाची होती, आणि तो नियम आपण कोणीच ठरवला नव्हता. आपण वापरत असलेल्या प्रोग्रॅममध्ये तो आधीपासूनच होता. तेव्हापासून या विषयाचा थोडा अभ्यास केला. मी बी.एस्सी. हिंदी माध्यमातून केले, ग्रंथ अकादमीची पुस्तके वाचून. आमच्या कॉलेजात संगणकाची खोली होती, पण ती बहुधा कुलुपातच असे. त्यामुळे जे समजले ते माझ्यासारख्या माणसाला समजेल अशाच भाषेत लिहिते.

एकच नोंद दोन ठिकाणी, एकमेकांना न कळता, वेगवेगळी बदलली गेली की तिला इंग्रजीत कॉन्फ्लिक्ट म्हणतात. हिंदीत मी सरळ 'टकराव' म्हटले असते. मराठीत 'टक्कर' म्हणू या, कारण 'संघर्ष' म्हटले की डोळ्यांसमोर मोर्चा येतो.

पहिला उपाय कोणालाही सुचेल : नोंदी एकाच जागी ठेवा आणि एकाने उघडली की दुसऱ्याला हात लावू देऊ नका. बँकेच्या खात्यासाठी हे योग्यच आहे. आपल्याकडे मात्र लाइन बंद पडली की जुन्या इमारतीचे सगळे काम ठप्प होईल. प्रवेश थांबतील, टी.सी. थांबतील. म्हणून दोन्हीकडे प्रत ठेवायची, दोन्हीकडे लिहू द्यायचे आणि लाइन आली की प्रती जुळवायच्या, हा दुसरा मार्ग. प्रती जुळवण्याच्या या कामाला रेप्लिकेशन म्हणतात. ज्याने हा मार्ग घेतला त्याला टक्कर कधी ना कधी भेटणारच. मग तिचे करायचे काय, एवढाच प्रश्न उरतो.

आपल्या प्रोग्रॅमचे उत्तर होते, 'जो शेवटी लिहील तो खरा'. हे सोपे आहे आणि पुष्कळ ठिकाणी चालते. कॅसँड्रा नावाचा मोठा डेटाबेससुद्धा वेळेचा शिक्का पाहून नवे मूल्य ठेवतो. पण शेवटी म्हणजे कोणाच्या घड्याळाप्रमाणे? आपल्या जुन्या इमारतीतला संगणक तपासला तेव्हा तो सतरा मिनिटे पुढे निघाला. म्हणजे सोमवारी खरोखर शेवटी कोणी लिहिले, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये याच प्रश्नावर एक लेख लिहिला. त्यातला मुद्दा साधारण असा : दोन यंत्रांवर दोन घटना घडल्या आणि एकीची खबर दुसरीपर्यंत पोहोचूच शकली नाही, तर त्यांतली आधीची कोणती आणि नंतरची कोणती हा प्रश्नच धरायचा नाही. त्या दोन घटना समांतर आहेत, बस्स. आपल्या दोन लिपिकांचे नेमके हेच झाले होते. आणि समजा घड्याळ अचूक असते, तरी बसमार्ग दुपारी बदलला म्हणून सकाळी दिलेला फोन नंबर खोटा कसा ठरतो?

आता ज्या डेटाबेसने हा प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला त्याकडे येऊ. त्याचे नाव काउचडीबी. त्याच्या आधीची पिढी म्हणजे लोटस नोट्स, १९८९ मध्ये बाजारात आलेला प्रोग्रॅम. रे ऑझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला. कचेऱ्या निरनिराळ्या गावी, दुवा फक्त टेलिफोनच्या तारेचा, म्हणून प्रत्येक ठिकाणी प्रत आणि अधूनमधून जुळवणी. दोन प्रतींत टक्कर झाली की नोट्स एक दस्तऐवज मुख्य म्हणून ठेवी आणि दुसरा त्याच्याखाली, टक्कर झाल्याची खूण लावून, यादीतच दाखवी. (नोट्स पुढे आयबीएमकडे गेला आणि २०१९ पासून तो आपल्या भारतातल्या एचसीएलकडे आहे.) नोट्सवर काम केलेल्या डेमियन कॅट्झ यांनी २००५ मध्ये काउचडीबी लिहायला घेतला. २००८ पासून तो अपाची फाउंडेशनच्या छत्राखाली आहे आणि कोणालाही फुकट वापरता येतो. केनिया, युगांडा, नेपाळ अशा देशांत आरोग्य सेविका ज्या मोबाइल प्रणालीवर घरोघरच्या नोंदी करतात, त्यांतल्या एका मोठ्या प्रणालीच्या मुळाशी हाच डेटाबेस आहे. डोंगरात नेटवर्क नसते. सेविका फोनवरच लिहितात आणि खाली उतरल्यावर नोंदी मुख्य संगणकाकडे जातात. आपल्यापेक्षा त्यांची लाइन जास्त वेळ बंद असते.

काउचडीबीत प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती म्हणजे एक दस्तऐवज. आपल्या कार्यालयातल्या प्रवेश अर्जासारखा : नाव, जन्मतारीख, समग्र आयडी, पालकाचा नंबर, सगळे एकाच कागदावर. त्यावर दोन गोष्टी कायम असतात. एक ओळख क्रमांक, जो कधी बदलत नाही. हा आपला स्कॉलर नंबर समजा. दुसरी गोष्ट आवृत्ती क्रमांक, जो प्रत्येक बदलाबरोबर बदलतो. या आवृत्ती क्रमांकाचे दोन भाग असतात. पहिला साधा आकडा : १, २, ३, म्हणजे हा दस्तऐवज कितव्यांदा लिहिला गेला. दुसरा ३२ अक्षरांचा एक ठसा, जो संगणक मजकुरावरून गणिताने काढतो. मजकूर जरा बदलला तरी ठसा पार बदलतो. मी इथे ठशाची फक्त पहिली काही अक्षरे लिहिणार आहे.

नियम असा की, दस्तऐवज बदलायचा तर मी कोणत्या आवृत्तीवरून बदल केला हे सांगावे लागते. एकाच संगणकावर दोघांनी आवृत्ती २ उघडली आणि पहिल्याने बदलून ३ केली, तर दुसऱ्याला सेव्ह करताना नकार मिळतो. नकाराचा क्रमांक ४०९. (४०४ तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे, हा त्याच घराण्यातला.) मग दुसऱ्याने नवी आवृत्ती उघडून पाहायची आणि आपला बदल तिच्यावर करायचा. एकाच्या हातून दुसऱ्याचे लिखाण नकळत पुसले जाणे इथेच थांबते.

पण दोन संगणकांमध्ये लाइनच नसेल तर नकार कोण देणार? दोन्हीकडे बदल मान्य होतो. आपल्या मुलीचे उदाहरण घ्या. शनिवारी दोन्हीकडे तिची आवृत्ती २ होती. सोमवारी नव्या इमारतीत ३-४५६ झाली, त्यात आईचा नवा नंबर. जुन्या इमारतीत ३-८१२ झाली, त्यात नवा बसमार्ग. विद्यार्थ्यांनो, वहीत काढून पाहा : १ मधून २ आणि २ मधून दोन फांद्या. बुधवारी प्रती जुळल्या की काउचडीबी यांतली एकही फांदी तोडत नाही. दोन्ही संगणकांवर अख्खे झाड जाऊन बसते, दोन्ही फांद्यांसकट.

तरी पडद्यावर काहीतरी एक दाखवायला हवे. त्यासाठी तो एक आवृत्ती विजयी ठरवतो. निवडीची रीत ठरलेली आहे. फांदीचे टोक रद्द केलेले नसेल तर ते रद्द केलेल्याच्या पुढे. मग ज्याचा आकडा मोठा ते टोक, म्हणजे जास्त वेळा बदललेली फांदी. आकडे सारखे असतील तर ठसा शब्दकोशातल्या क्रमाने लावायचा आणि जो नंतर येईल तो विजयी. आपल्या उदाहरणात दोन्हीकडे ३ आहे, ठशांत ८१२ हा ४५६ च्या नंतर येतो, म्हणून जुन्या इमारतीची आवृत्ती जिंकली.

गंमत पाहा. या रीतीत घड्याळ कुठेही नाही. दोन्ही संगणक एकमेकांना काहीही न विचारता, आपापल्या जागी बसून, तोच विजयी निवडतात, कारण दोघांकडे झाड तेच आणि नियम तोच. एका इमारतीत एक नंबर आणि दुसऱ्या इमारतीत दुसरा, असा घोळ होत नाही. मला गणिताची शिक्षिका म्हणून ही युक्ती फार आवडली.

पण प्राचार्या म्हणून मला हेही दिसले की विजयी आवृत्तीत आईचा नंबर जुनाच आहे! म्हणजे आपल्याकडे त्या वेळी काउचडीबी असता, तरी कार्यालयाच्या पडद्यावर चुकीचाच नंबर दिसला असता. 'विजयी' या शब्दाने फसू नका. ठसा मोठा असण्याचा आणि माहिती खरी असण्याचा काही संबंध नाही. दोन मुलांना सारखे गुण मिळाले म्हणून हजेरी क्रमांकावरून पहिला नंबर द्यावा, तसे ते आहे. यादी लावता येते, हुशारी ठरत नाही.

मग फरक काय? फरक हा की ३-४५६ पुसली गेलेली नाही. ती दोन्ही संगणकांवर शाबूत आहे आणि 'या दस्तऐवजात टक्कर आहे का?' असे विचारले की डेटाबेस तिचा क्रमांक पुढे करतो.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, हे आपल्या वरच्या वर्गांना मराठीच्या तासाला सांगितले जाते. निरनिराळ्या प्रांतांतली हस्तलिखिते, नकलून घेताना प्रत्येकात पडलेला फरक. संपादकांनी वर एक पाठ छापला आणि बाकीचे पाठभेद त्याच पानावर तळाशी दिले, म्हणजे कोणाला शंका आली तर तो खाली पाहील. काउचडीबी तेच करतो, मात्र दोन फरकांनी. तिथे वरचा पाठ विष्णु सीताराम सुकथनकरांसारख्या विद्वानांनी विचार करून निवडला, इथे निवड विचाराशिवाय होते. आणि तिथे तळटीप पान उघडताच दिसते. इथे ती मागितल्याशिवाय दिसत नाही.

हा दुसरा फरक मला सर्वांत धोक्याचा वाटतो. साधी नोंद उघडली की डेटाबेस फक्त विजयी आवृत्ती दाखवतो, टक्कर आहे हे आपण होऊन सांगत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तो प्रश्न विचारण्याची सोयच केली नसेल, तर हरलेल्या आवृत्त्या वर्षानुवर्षे तशाच पडून राहतील. माहिती हरवलेली नाही, पण सापडतही नाही. वर्गात फोन करायला धावणाऱ्या शिक्षिकेच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. या बाबतीत जुना नोट्स बरा म्हणायचा, तो टक्कर निदान यादीत डोळ्यांसमोर ठेवी.

टक्कर सोडवण्याचे काम डेटाबेसचे नाही, ते आपले. आधी सर्व फांद्यांची टोके मागवायची. त्यांवरून एक नवी, जुळवलेली आवृत्ती लिहायची : नंबर ४५६ मधला, बसमार्ग ८१२ मधला. ती विजयी फांदीच्या पुढे ४ म्हणून बसते. मग हरलेली फांदी रद्द करायची. रद्द करणे म्हणजेही पुसणे नव्हे. 'ही रद्द झाली' अशी एक नोंद त्या फांदीच्या टोकाला राहते. का राहते, हे आपल्या कार्यालयाला समजावून सांगावे लागले नाही. दाखल-खारिज रजिस्टरमध्ये शाळा सोडलेल्या मुलाचे नाव आपण खोडतो का? नाही. समोर खारिज झाल्याची तारीख आणि कारण लिहितो. नाव खोडून टाकले तर उद्या जुन्या इमारतीच्या रजिस्टरवरून कोणीतरी ते पुन्हा उतरवून घेईल. संगणकातही तसेच : रद्द झाल्याची खूण नसेल तर दुसऱ्या प्रतीतून मेलेली नोंद पुन्हा जिवंत होऊन येते.

ॲमेझॉन कंपनीला हे दुसऱ्या प्रकारे भोवले. त्यांच्या डायनॅमो नावाच्या यंत्रणेवर २००७ मध्ये त्यांच्याच अभियंत्यांनी लेख लिहिला. खरेदीच्या टोपलीच्या दोन आवृत्त्या झाल्या तर ते दोन्हींतल्या वस्तू एकत्र करीत. टोपलीत घातलेली वस्तू त्यामुळे कधी हरवत नसे, पण काढून टाकलेली वस्तू मात्र कधी कधी परत दिसे, हे त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. चोवीस तासांच्या त्यांच्या मोजणीत ९९.९४ टक्के वेळा एकच आवृत्ती आढळली. म्हणजे टक्कर विरळाच. शिवाय दुकानात एक साबण जास्त दिसला तर गिऱ्हाईक तो काढून टाकील. फी माफ झालेल्या मुलाच्या नावावर फी पुन्हा चढली तर? त्या घरात काय होईल याचा विचार करा.

कोणती टक्कर संगणकाने सोडवावी आणि कोणती माणसाने, हे म्हणून आधीच ठरवले पाहिजे. दोन निरनिराळ्या रकाने बदलले असतील, एकीकडे नंबर, दुसरीकडे बसमार्ग, तर जुळवणी संगणकाने केली तरी मला हरकत नाही. तोच रकाना दोन्हीकडे वेगळा असेल तर संगणकाने हात लावू नये. जन्मतारीख, आईचे नाव, समग्र आयडी यांत तर मुळीच नाही. मुलाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर जे छापले जाते ते ठशाच्या लहान-मोठेपणावर सोडता येणार नाही.

काही टकरी होऊच नयेत अशीही रचना करता येते. मुलाच्या नोंदीत 'एकूण भरलेली फी' असा एक रकाना ठेवला की दोन्हीकडचे लिपिक तोच रकाना बदलणार. त्याऐवजी प्रत्येक पावती हा स्वतंत्र दस्तऐवज केला, तर कोणी कोणाचा कागद बदलत नाही, फक्त नवा कागद घालतो. बेरीज हवी तेव्हा काढायची. आपल्या रोकडवहीची रीत हीच, आणि ती संगणकापेक्षा फार जुनी.

एक गैरसमज माझाही होता, तो सांगून टाकते. जुन्या आवृत्त्या राहतात म्हटल्यावर मला वाटले, वेगळ्या बॅकअपची गरज नाही. तसे नाही. काउचडीबी जागा वाचवण्यासाठी सफाई करतो, तेव्हा फांद्यांची टोके राहतात, पण मधल्या जुन्या आवृत्त्यांचा मजकूर जातो. आपल्या उदाहरणातल्या १ आणि २ मध्ये काय होते, हे सफाईनंतर विचारता येणार नाही. बॅकअप वेगळाच घ्यावा लागेल.

विश्वस्त मंडळापुढे नव्या प्रोग्रॅमचा प्रस्ताव आहे. विक्रेत्यांनी पडद्यावरचे रंग आणि रिपोर्ट खूप दाखवले. माझी विनंती आहे की पैसे देण्याआधी त्यांच्यासमोर दोन संगणक ठेवावेत, दोन्हींची लाइन काढावी, एकाच मुलाचा नंबर दोन्हीकडे वेगळा भरावा आणि लाइन जोडून काय होते ते आपण सगळ्यांनी बसून पाहावे. टकरीची यादी तो प्रोग्रॅम दाखवतो का, आणि हरलेली नोंद उघडून देतो का, एवढे दिसले तरी पुरे. तोपर्यंत दर शनिवारी दोन्ही इमारतींचे लिपिक एकत्र बसून आठवड्यातले बदल कागदावर ताडून पाहत आहेत. फरक आढळला की पालकांना फोन जातो. असा फोन आला तर पालकांनी कृपया रागावू नये, दोन मिनिटे द्यावीत.

नववी ते अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी एक गणित. एका मुलाच्या नोंदीत आवृत्ती ४ नंतर तीन फांद्या झाल्या. पहिलीचे टोक ५-९३१, तीत वडिलांचा नवा पत्ता. दुसरीचे टोक ६-२०७, तीत जुनाच पत्ता, पण रक्तगट दुरुस्त केलेला. तिसरीचे टोक ७-६४०, पण ते रद्द केलेले. पडद्यावर कोणती आवृत्ती दिसेल? पत्ता कोणता दिसेल? आणि ही टक्कर सोडवायला तुम्ही बसलात, तर नवी आवृत्ती कोणत्या क्रमांकाची होईल, तीत काय लिहाल आणि लिहिण्याआधी कोणाला विचाराल? झाड काढून उत्तर वर्गशिक्षकांकडे द्यावे.